‘हेमाडपंती’ या शिक्क्याचा प्रतिवाद: गोंदेश्वर ते काळाराम

नाशिक जिल्ह्यातील जुन्या दगडी देवळांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात एक विशेषण इतक्या सहजपणे येते की त्यात एक ऐतिहासिक विधान दडलेले आहे, हे लिहिणाऱ्याच्याही ध्यानात राहत नाही. सिन्नरचे गोंदेश्वर, मालेगावजवळच्या झोडग्याचे माणकेश्वर, अंजनेरीच्या पायथ्याशी पडझड झालेल्या अवस्थेत उभी असलेली मंदिरे, त्र्यंबकेश्वर, पंचवटीतील काळाराम आणि गोदाकाठची नारोशंकर व सुंदरनारायण ही सारी देवळे ‘हेमाडपंती’ या एकाच नावाखाली जमा केली जातात. या यादीतील पहिल्या आणि शेवटच्या वास्तूंमध्ये सहाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. त्या अंतरात एक राजवंश बुडाला, नवी सत्ता आली, तीही मागे पडली आणि तिसरी उभी राहिली. बांधकामाची हत्यारे, साहित्य, छत पेलण्याची रीत आणि देवळात जमणाऱ्या समाजाच्या गरजा, सारेच बदलले. तरीही नाव एकच राहिले. हे नाव निरुपद्रवी नसून ते एकाच वेळी तीन चुकीची विधाने करते आणि त्यामुळे नाशिकच्या स्थापत्याचा अठराव्या शतकातील सर्वांत मोलाचा अध्याय वाचकाच्या नजरेआड होतो, असे प्रतिपादन येथे करायचे आहे.

ती तीन विधाने अशी की, या देवळांची बांधणी हेमाडपंताने केली अथवा करवून घेतली. चुन्याशिवाय दगडावर दगड रचण्याचे तंत्र त्याने शोधले. आणि म्हणून काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की ते तेराव्या शतकातील मानावे. यांपैकी पहिल्या दोहोंचे खंडन करण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. हेमाद्री अथवा हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख अधिकारी. महादेव यादव (इ.स. १२६१ ते १२७१) आणि रामचंद्र यादव (१२७१ ते १३११) यांच्या कारकिर्दींत त्याचा अधिकार होता. त्याच्या नावावर असलेला ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा व्रते, दाने, तीर्थे, श्राद्धे अशा विषयांचा धर्मनिबंध आहे, वास्तुशास्त्राचा ग्रंथ नव्हे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्याने टीकाही लिहिली. पंढरपूरच्या ‘चौऱ्याऐंशीच्या लेखा’त, जो विठ्ठलमंदिराला मिळालेल्या देणग्यांची नोंद करतो, त्याचे नाव येते. त्यावरून त्याने देवस्थानाला दान दिले एवढे सिद्ध होते. त्याने शिल्पाची नवी रीत काढली, हे त्यातून निघत नाही.

कालक्रम तर याहून स्पष्ट बोलतो. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलाहार मुम्मुणीच्या काळचा लेख शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. चुन्याविना रचलेले, कोरीवकामाने मढलेले ते मंदिर हेमाद्रीच्या अधिकारकाळाच्या दोनशे वर्षे आधी उभे होते. खुद्द नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकच्या वाटेवर असलेल्या अंजनेरीच्या जैन मंदिरात यादव नृपती सेउणचंद्र याचा शके १०६३ चा (इ.स. ११४१-४२) दानलेख आहे, तोही हेमाद्रीच्या सव्वाशे वर्षे आधीचा. आणखी मागे गेले तर ऐहोळे आणि पट्टदकल येथील चालुक्यांची सातव्या-आठव्या शतकांतील देवळेही अशीच कोरड्या सांध्यांची आहेत. दगड घासून, एकमेकांशी तंतोतंत जुळवून, खाचेत उंचवटा बसवून आणि गरज पडेल तेथे लोखंडी पट्टीने जखडून भिंत उभी करणे ही मध्ययुगीन भारतातील पाषाणमंदिरांची सर्वसाधारण रीत होती. जी रीत दक्षिणेत आणि उत्तरेत शतकानुशतके चालू होती, तिचे जनकत्व एका मंत्र्याला देता येत नाही.

सिन्नरचा गोंदेश्वर या बाबतीत विशेष बोलका आहे, कारण त्याच्याशी जोडलेली जनश्रुतीदेखील हेमाडपंताचे नाव घेत नाही. लोकपरंपरा त्याचे श्रेय राव गोविंद नावाच्या पुरुषाला देते आणि ‘गोंदेश्वर’ हे नावही त्याच्याशीच जोडते. मंदिराची घडण तर आपले कुळ स्वतःच सांगते. उंच जगतीवर, म्हणजे दगडी चौथऱ्यावर, मध्यभागी महादेवाचे मुख्य मंदिर, भोवती चार छोटी देवळे आणि समोर नंदीमंडप असे हे पंचायतन आहे. मुख्य शिखराकडे पाहिले की चारही बाजूंच्या मध्यावरून एकेक कोरीव पट्टा पायापासून आमलकापर्यंत, म्हणजे शिखरमाथ्याच्या चक्राकार दगडापर्यंत, सरळ चढत जातो. शिल्पग्रंथांत त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या खांबांवर बसवलेल्या शिखरप्रतिकृतींच्या ओळी मजल्यामागून मजला लहान होत वर जातात. प्रत्येक प्रतिकृती खालच्या प्रतिकृतीच्या बरोबर वर येते, त्यामुळे आडवे थर आणि उभ्या ओळी एकाच वेळी दिसतात. हे भूमिज शिखराचे लक्षण आहे. भूमिज हा प्रकार माळव्याच्या परमार भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील ग्रंथात सांगितलेला आहे आणि त्याचे प्रसिद्ध उदाहरण, मध्य प्रदेशातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर, त्याच शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. सिन्नर, झोडगे आणि अंबरनाथ यांचे शिल्पनाते माळव्यापर्यंत पोहोचते. या देवळांना शास्त्राने दिलेले नेमके, जुने आणि आपलेच नाव उपलब्ध असताना एका दप्तर-अधिकाऱ्याचे नाव का चिकटवावे, याचे समाधानकारक उत्तर ‘हेमाडपंती’च्या समर्थकांकडे नाही.

मग हे नाव आले कोठून? हेमाडपंताभोवती लोककथांचे एक मोठे वलय आहे. मोडी लिपी त्याने आणली, बाजरीचे पीक त्याने रुजवले, बिभीषणाला रोगमुक्त करून त्याच्याकडून राक्षस कारागीर मिळवले आणि त्यांच्याकरवी एका रात्रीत देवळे बांधून घेतली, अशा कथा महाराष्ट्रात दीर्घकाळ सांगितल्या गेल्या. यादवांचे राज्य बुडाल्यावर त्या काळातील जे काही भव्य आणि अनाकलनीय होते, ते लोकस्मृतीने एका कर्तबगार माणसाच्या नावे जमा केले, असा या कथांचा अर्थ लावणे योग्य ठरते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी जिल्ह्याजिल्ह्याची माहिती गोळा करू लागले, तेव्हा गावकऱ्यांच्या तोंडचा हा शब्द त्यांनी उचलला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर-मालिकेत, १८८३ साली निघालेला नाशिकचा खंड धरून, चुन्याविना बांधलेल्या जुन्या देवळांसाठी तो सर्रास वापरला गेला. छापील पानावर आल्यामुळे लोककथेला शास्त्रीय संज्ञेचे रूप मिळाले, आणि पुढे मराठी लेखकांनी तीच संज्ञा गॅझेटियरच्या आधाराने परत स्वीकारली. हेन्री कझिन्सने १९३१ साली दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात या देवळांची तपशीलवार पाहणी मांडली, त्यानंतर गो. बं. देगलूरकरांसारख्या संशोधकांनी यादवकालीन मंदिरांचा पद्धतशीर अभ्यास केला. संशोधन पुढे गेले आणि माहितीपुस्तिका मात्र १८८३ सालीच थांबल्या, ही वस्तुस्थिती दुःखद आहे.

आता तिसऱ्या विधानाकडे, म्हणजे काळा दगड दिसला की तेरावे शतक या समजुतीकडे वळणे आवश्यक आहे, कारण नाशिक शहराचे खरे नुकसान या समजुतीने केले आहे. शहरातील आणि त्र्यंबकची जी देवळे यात्रेकरू पाहतात, ती अठराव्या शतकातील आहेत आणि त्यांच्या कर्त्यांची नावे ठाऊक आहेत. रामेश्वराचे मंदिर, जे नारोशंकर या नावानेच ओळखले जाते, ते सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधले. वसईच्या १७३९ मधील विजयाची आठवण सांगणारी आणि बोलीभाषेत म्हण होऊन बसलेली प्रचंड घंटा याच मंदिराच्या दर्शनी भागी टांगलेली आहे. सुंदरनारायणाचे मंदिर गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ साली उभारले. त्र्यंबकेश्वराचे काम नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७५५ साली सुरू होऊन १७८६ मध्ये पुरे झाले. काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी त्याच शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात, रामशेजच्या दगडातून बांधवले.

या वास्तूंचे बांधकाम नीट पाहिले तर यादवकालीन देवळांशी त्यांचा फरक लपत नाही. गोंदेश्वरात खांबावर तुळई आणि तुळईवर दगडी फरशा, किंवा एकेक थर थोडा पुढे सरकवत आणलेले छत एवढीच रचना आहे. वजन सरळ खाली उतरते. सुंदरनारायणाच्या मंडपावर घुमट आहे आणि गवाक्षांना कमानी आहेत. काळारामाच्या आवारात कमानींच्या ओवऱ्या आणि देवळापुढे स्वतंत्र, खुला सभामंडप आहे. पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांवर रेलवून वजन दोन्ही बाजूंना ढकलणारी कमान आणि तिच्याच तत्त्वावर उभा राहणारा घुमट यांची सवय मराठी गवंड्याला सुलतानशाही आणि मोगल अमलातील शतकांमध्ये झाली. वाडे, घाट, तट आणि नगारखाने बांधणारे हात तेच होते आणि चुना हे त्यांचे रोजचे साहित्य होते. शिखरांचेही तसेच. त्र्यंबकेश्वराच्या शिखरावर सिन्नरसारख्या खांबांवरच्या प्रतिकृतींच्या ओळी नाहीत. तेथे लहान शिखरे, ज्यांना उरुशृंगे म्हणतात, मुख्य शिखराच्या अंगाला बिलगून एकापेक्षा एक उंच चढत जातात. सिन्नर नाशिकपासून जेमतेम तीस किलोमीटरवर असूनही त्र्यंबकच्या कर्त्यांनी गोंदेश्वराची नक्कल केली नाही. जुन्या मंदिरपरंपरेतून त्यांनी दुसरा नमुना निवडला.

येथेच ‘हेमाडपंती’चे समर्थक आपला सर्वांत बळकट युक्तिवाद मांडतात. अठराव्या शतकातील स्थपतींनी यादवकालीन देवळांचा आदर्श समोर ठेवला, तोच काळा पाषाण, तसाच तारकाकृती तलविन्यास, तीच गर्भगृह-अंतराळ-मंडप अशी मांडणी स्वीकारली. तेव्हा शैली तीच राहिली आणि नावही तेच का राहू नये, असा त्यांचा प्रश्न असतो. या युक्तिवादातील पहिला भाग खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. चालत आलेली परंपरा पुढे नेणे आणि खंडित झालेली परंपरा जाणीवपूर्वक पुन्हा हाती घेणे या दोन भिन्न ऐतिहासिक कृती आहेत. गोंदेश्वराचा स्थपती आपल्या गुरूंनी जसे बांधले तसे बांधत होता; त्र्यंबकेश्वराच्या कर्त्यापुढे सुमारे चार शतकांची पोकळी होती आणि तिच्या पलीकडे पाहून त्याने निवड केली. त्या निवडीमागे स्वराज्याच्या विस्ताराने आलेला पैसा होता, गोदावरीच्या तीर्थाला पुन्हा वैभव देण्याची आकांक्षा होती आणि आपण जुन्या राजवंशांचे वारस आहोत असे दगडातून सांगण्याची इच्छाही होती. ही सारी प्रेरणा ‘हेमाडपंती’ या शब्दाने पुसली जाते.

जगाच्या स्थापत्येतिहासाने हा भेद फार पूर्वी ओळखला. युरोपात पाँपेईचे उत्खनन १७४८ साली सुरू झाले. योहान योआखिम विंकेलमानने ग्रीक कलाकृतींच्या अनुकरणावरील आपला निबंध १७५५ साली, म्हणजे त्र्यंबकेश्वराची पायाभरणी झाली त्याच वर्षी, प्रसिद्ध केला. स्टुअर्ट आणि रेव्हेट यांनी मोजमापे घेऊन केलेल्या अथेन्सच्या अवशेषांच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६२ मध्ये आला. त्यातून जी वास्तुशैली निघाली तिला तिचे कर्ते ‘खरी शैली’ म्हणत. ‘निओक्लासिकल’, अर्थात नवअभिजात, हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला आणि आरंभी त्यात निर्जीव अनुकरणाचा आरोप होता. विसाव्या शतकात तो आरोप गळून पडला आणि शब्द तटस्थ झाला. ‘गॉथिक’ची कथाही अशीच आहे. गॉथ टोळ्यांनी ती चर्चे बांधली नव्हती. इटलीतील प्रबोधनकाळाच्या लेखकांनी तुच्छतेने ते नाव दिले. पण तेथील अभ्यासकांनी निदान एक काळजी घेतली. बाराव्या-तेराव्या शतकांतील चर्चला गॉथिक म्हटले आणि एकोणिसाव्या शतकात त्याच धर्तीवर उभारलेल्या इमारतींना गॉथिक पुनरुज्जीवन असे वेगळे नाव दिले. मुंबईचे १८८८ साली पूर्ण झालेले व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जागतिक वारशात याच पुनरुज्जीवित शैलीचे उदाहरण म्हणून नोंदलेले आहे, आणि १८३३ साली पूर्ण झालेल्या एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलच्या डोरिक खांबांमुळे त्याला कोणी प्राचीन ग्रीक म्हणत नाही. महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचक हा भेद मुंबईच्या इमारतींबाबत बिनतक्रार पाळतो. तोच वाचक काळारामापाशी आला की पाच शतके मागे जातो, ही विसंगती मराठी स्थापत्यविचाराला शोभणारी नाही.

लोकांच्या तोंडी असलेला शब्द विद्वानांनी हिरावून घेऊ नये, असा दुसरा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर नाशिकमध्येच आहे. शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरावरील बौद्ध लेणी पिढ्यान्‌पिढ्या पांडवलेणी म्हणून ओळखली जातात. नहपानाचा जावई उषवदात आणि गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री यांचे लेख तेथे वाचले गेल्यापासून ती लेणी पांडवांनी कोरली असे कोणतेही जबाबदार पुस्तक सांगत नाही; नाव मात्र रिक्षावाल्याच्या आणि गावकऱ्याच्या तोंडी तसेच आहे, आणि त्याला कोणाची हरकत नाही. ‘हेमाडपंती’ हा शब्दही बोलण्यात, चुन्याविना रचलेले जुने दगडी काम एवढ्या अर्थाने, खुशाल राहावा. तो काळ सांगणारा, कर्ता सांगणारा आणि शैली सांगणारा शब्द म्हणून पुस्तकात राहू नये, एवढीच मागणी आहे.

‘हेमाडपंती’ऐवजी अठराव्या शतकातील या देवळांना नवअभिजात म्हणावे, असे येथे सुचवायचे आहे. तिसरा आक्षेप या संज्ञेवर आहे: ती परकी आहे आणि ग्रीक-रोमन खांबांसाठी घडलेली आहे. हा आक्षेप गंभीर आहे. ‘नवयादव’ असे देशी नाव सुचवता येईल, परंतु ज्या शैलीत घुमट आणि कमान आहे, नगारखाना आणि दीपमाळ आहे, आणि शिखर सिन्नरच्या धाटणीचे नाही, तिला केवळ यादवांशी बांधणे ही जुनीच चूक नव्या शब्दांत करणे होईल. म. श्री. माटे यांनी १९५९ साली १६५० ते १८५० या काळातील स्थापत्यावर ग्रंथ लिहिताना ‘मराठा स्थापत्य’ हेच नाव घेतले, आणि ते आजही सर्वांत प्रामाणिक आहे. त्याला ‘नवअभिजात’ हे विशेषण जोडले तर ही देवळे मागच्या आदर्शाकडे पाहून घडवलेली आहेत, ही गोष्ट जोडीने सांगितली जाते. ‘मराठाकालीन नवअभिजात’ ही संज्ञा युरोपशी बरोबरी करण्यासाठी सुचवलेली नाही. कृतीचे स्वरूप तिच्यातून अधिक अचूक कळते म्हणून सुचवलेली आहे.

हा वाद शब्दांपुरता नाही. चुन्यात बांधलेल्या घुमटाच्या डागडुजीला चुनाच लागतो. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण आणि पाणी न सोडणारे असल्याने ओल आत अडकते, क्षार साचतात आणि दगडाचा पृष्ठभाग सुटू लागतो. वास्तू कोणत्या काळातील आणि कोणत्या रीतीची आहे हे ठरवल्याशिवाय तिची योग्य दुरुस्ती होत नाही. याहून मोठी गोष्ट सामाजिक आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ती वास्तू दीडशे वर्षांच्या आसपासची होती. स्थानाचे पावित्र्य कितीही जुने मानले गेले तरी ते दरवाजे ज्ञात सरदाराने, ज्ञात काळात, ज्ञात डोंगराच्या दगडातून घडवून घेतले होते. ज्या वास्तूला अनादी ठरवले जाते, तिच्याभोवतीची बंधनेही अनादी वाटू लागतात. आणि जिचा कर्ता व काळ सांगितला जातो, ती माणसांनी केलेली आणि म्हणून माणसांना प्रश्न विचारता येण्याजोगी ठरते. देवळाचे खोटे वय सांगणे हा म्हणूनच साधा नजरचुकीचा प्रकार मानता येत नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबक येथे नवे माहितीफलक लागतील, नव्या पुस्तिका छापल्या जातील आणि लाखो यात्रेकरू त्या वाचतील. त्या फलकांवर गोंदेश्वराखाली ‘यादवकालीन, भूमिज शैली’ असे लिहावे. नारोशंकर, सुंदरनारायण, त्र्यंबकेश्वर आणि काळाराम यांच्याखाली बांधवणाऱ्याचे नाव, बांधकामाचा काळ आणि ‘मराठाकालीन नवअभिजात’ ही शैली लिहावी. आणि मजकूर छापखान्यात जाण्याआधी तो देवस्थान-समित्यांनी, पुरातत्त्व खात्याने आणि शहरातील इतिहासाच्या अध्यापकांनी एकत्र बसून तपासावा.